हातउसने दिलेले पैसे परत मिळवताना: आधी तारीख, मग कागद, शेवटी कोर्ट

सर्वांत आधी पैसे नेमके कोणत्या दिवशी दिले ती तारीख शोधून काढा. "मागच्या दिवाळीच्या आसपास" असं चालत नाही. बँकेचं स्टेटमेंट काढा, यूपीआयची हिस्टरी पाहा, रोख दिले असतील तर एटीएममधून किंवा बँकेतून पैसे काढल्याची नोंद पाहा. कारण मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उसन्या पैशांच्या वसुलीचा दावा पैसे दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो. "मागशील तेव्हा देईन" असं ठरलं होतं, म्हणजे मुदत मागितल्यापासून सुरू होईल, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मागताच परत करायचे पैसेसुद्धा दिल्या दिवसापासूनच मोजले जातात.

म्हणजे १२ ऑगस्ट २०२३ ला दिलेल्या दीड लाखासाठी दावा उशिरात उशिरा १२ ऑगस्ट २०२६ ला दाखल व्हायला हवा. पैसे तीन वेळा मिळून दिले असतील तर तीन तारखा आणि तीन मुदती. पहिल्या रकमेची मुदत संपलेली आणि तिसरीची शिल्लक, असंही होतं. परतफेडीची तारीख लिहून ठरली असेल तर मुदत त्या तारखेपासून धरता येते. नुसती तोंडी ठरली असेल तर सुरक्षित हिशोब एकच, दिल्या दिवसापासून. मुदतीचा शेवटचा दिवस दिवाणी न्यायालयाच्या मे महिन्यातल्या सुट्टीत आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, पण तेवढं ताणू नका. वकील शोधणं, नोटीस, कागदांची जुळवाजुळव यात दोन-तीन महिने सहज जातात. अडीच वर्षं झाली आणि समोरचा अजून "देतो ना बे, कुठं पळून चाललो का" म्हणत असेल, तर त्याचा हेतू चांगला असो वा वाईट, तुमचं घड्याळ सारखंच चालतं.

ही मुदत नव्याने सुरू करण्याचे दोन रस्ते आहेत. एक, मुदत संपायच्या आत कर्जदाराने लिहून आणि सही करून देणं मान्य केलं की त्या सहीच्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. दुसरा, मुदतीच्या आत त्याने काही रक्कम परत केली आणि त्या परतफेडीची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली, तर त्या दिवसापासून. नुसते पाच हजार खात्यात आले आणि कागद काहीच नाही, तर वाद होतो, कारण ते पैसे कशाचे हे तो कोर्टात वेगळंच सांगू शकतो. मुदत संपून गेल्यावरही सगळं संपत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे मुदतबाह्य देणं फेडण्याचं सहीनिशी लेखी वचन दिलं तर ते बंधनकारक ठरतं. पण तिथे "देणं आहे" एवढं पुरत नाही, "देईन" असं स्पष्ट वचन लागतं. आणि मुदत गेल्याचं कळलेला माणूस असं वचन सहसा देत नाही.

पैसे गेले हे सिद्ध होतं, उसने गेले हे होत नाही

बँक खात्यातून पैसे पाठवले म्हणजे पुरावा पक्का, असं वाटतं. स्टेटमेंटवरून एवढंच दिसतं की तुमच्या खात्यातून त्याच्या खात्यात अमुक रक्कम गेली. ती का गेली, ते त्यात नसतं. कोर्टात समोरून येणारी उत्तरं ठरलेली असतात: "मी आधी दिलेले पैसे यांनी परत केले", "धंद्यात भागीदारीचे होते", "भिशीचा नंबर लागला होता", "लग्नात आहेर म्हणून दिले". म्हणून जमवायचा पुरावा असा हवा की ज्यात "उसने" किंवा "परत करतो" हे त्याच्याच तोंडून किंवा हातून आलेलं असेल.

काय काय चालतं? व्हॉट्सअ‍ॅपवरचं त्याचं "या महिन्यात जमत नाही, पुढच्या महिन्यात नक्की देतो" हे उत्तर बरंच काही सांगतं, पण त्यात रक्कम नसते. तेव्हा रकमेसह मेसेज टाका म्हणजे उत्तर त्या रकमेला चिकटतं. नुसता स्क्रीनशॉट ठेवून मोकळं होऊ नका. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात. एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) त्यात येतं. हे काम वकील करून घेईल, पण मूळ उपकरण आणि मूळ चॅट शाबूत असणं तुमच्या हातात आहे. फोन बदलताना बॅकअप नीट घेतला नाही म्हणून चांगला पुरावा हातचा जातो.

पैसे तुमच्या पत्नीच्या किंवा वडिलांच्या खात्यातून गेले असतील तर कागदावर देणारा कोण, हे आधीच ठरवा. साधारणपणे ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच नोटीस द्यावी आणि दावा लावावा, हे सरळ पडतं. उसने घेणाऱ्याने सांगितलं म्हणून पैसे त्याच्या भावाच्या किंवा दुकानाच्या खात्यात टाकले असतील, तर तसं सांगणारा मेसेज सोन्यासारखा जपा.

रोख दिले असतील तर दोन गोष्टी बघा. तुमच्याकडे तेवढी रोकड होती का, हे समोरचा वकील विचारणारच, विशेषतः चेकच्या केसमध्ये. त्या दिवसाच्या आसपास खात्यातून काढलेली रक्कम, विकलेल्या मालाची पावती, आयकर विवरणपत्रात दिसणारं उत्पन्न, यांपैकी काही ना काही जोडीला हवं. दुसरी गोष्ट आयकराची. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त उसने पैसे रोखीत घेण्यास आयकर कायद्यात मनाई आहे. दंड घेणाऱ्यावर लागतो, तोही तेवढ्याच रकमेपर्यंत. "रोखीत दिले, म्हणजे कर्जच बेकायदा, आता वसूल होणार नाही" ही भीती मात्र खोटी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये चेकच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की या नियमभंगाने देणं संपत नाही. पण त्याच वर्षी न्यायालयाने असंही सांगितलं की दाव्यात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचं आलं तर न्यायालयाने आयकर विभागाला कळवावं. तेवढी रोकड कुठून आली, याचं उत्तर तयार नसेल तर दावा लावण्याआधी सीएकडे बसा.

गोडीत असतानाच कागद करून घ्या

वकिलाची नोटीस हा पहिला डाव नाही. नोटीस गेली की माणूस सावध होतो, फोन उचलत नाही आणि सही तर अजिबात करत नाही. म्हणून बोलणं चालू आहे तोवर एका पानावर कबुली घ्यायची. त्यासाठी मागणीचा सूर हिशोबाचा ठेवा. भांडणाचा नको, विनवणीचा तर नकोच. मेसेज असा काहीसा:

"भाऊ, १२ ऑगस्ट २०२३ ला तुला १,५०,००० हातउसने दिले होते. त्यातले २०,००० तू मार्चमध्ये परत केलेस, बाकी १,३०,०००. घरी हिशोब लावतो आहे. एका कागदावर लिहून ठेवू, म्हणजे तुलाही बरं आणि मलाही. रविवारी सकाळी येतो."

यात तारीख, मूळ रक्कम, परत आलेली रक्कम आणि बाकी, चारही आहेत. त्याने नुसतं "ये ना" म्हटलं तरी तो आकडा त्याने नाकारलेला नाही, हे नोंदीत राहतं. "पैसे कधी देणार?" असा प्रश्न टाकलात तर उत्तर येतं "बघतो". त्याचा काही उपयोग नाही.

रविवारी जाताना कागद टाइप करून नेऊ नका. कोरा कागद न्या आणि त्यालाच लिहायला सांगा. टाइप केलेल्या कागदावर "मी न वाचता सही केली" असं म्हणता येतं, पण पूर्ण मजकूर स्वतःच्या अक्षरात असला की तसं म्हणणं अवघड जातं. मजकूर एवढाच:

"मी (पूर्ण नाव, वय, पत्ता) यांनी (देणाऱ्याचं पूर्ण नाव) यांच्याकडून दि. १२/०८/२०२३ रोजी रु. १,५०,०००/- (अक्षरी रुपये एक लाख पन्नास हजार) हातउसने घेतले आहेत. त्यापैकी रु. २०,०००/- दि. ०५/०३/२०२५ रोजी परत केले. आज रोजी रु. १,३०,०००/- देणे बाकी आहे. ही रक्कम मी दि. ____ पर्यंत परत करीन." खाली तारीख, ठिकाण नागपूर, सही, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या व पत्ते. आधारची झेरॉक्स जोडून तिच्यावरही त्याची सही घ्या.

साक्षीदार निवडताना दोघेही तुमच्याच घरचे नकोत. एक तरी दोघांच्याही ओळखीचा असावा, आणि पाच वर्षांनी कोर्टात यायला तयार असावा.

वचनचिठ्ठी, म्हणजे प्रॉमिसरी नोट, घ्यायची असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्याची सही तिकिटावरून आडवी घ्या, म्हणजे तिकीट रद्द होतं. तिकीट नसलेली वचनचिठ्ठी कोर्टात पुरावा म्हणून घेतलीच जात नाही, आणि नंतर दंड भरूनही ती सुधारता येत नाही. साध्या करारनाम्यात मुद्रांक कमी पडला तर दंड भरून निभावतं, वचनचिठ्ठीत नाही. वचन बिनशर्त हवं. "वर्धा रोडचा प्लॉट विकला की देईन" असं लिहिलं की ती वचनचिठ्ठी राहत नाही, कारण प्लॉट कधीच विकला गेला नाही तर? पैसे कोणाला द्यायचे तिथे तुमचं नाव घाला, "धारकास" लिहू नका, ते रिझर्व्ह बँक कायद्यात बसत नाही. हप्त्यांचा, जामीनदाराचा तपशीलवार करार करायचा असेल तर मुद्रांकावर करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचा मुद्रांक जाऊन ५०० आला, जुने नमुने पाहून १०० वर करू नका.

व्याज लिहायचं का? उसनवारीत न लिहिलेलं बरं, किंवा लिहिलंच तर बँकेच्या आसपास. "शेकडा तीन टक्के महिना" असा आकडा कागदावर आला आणि तुम्ही आणखी दोघा-चौघांनाही असेच पैसे दिलेले निघाले, तर समोरचा वकील तुम्हाला विनापरवाना सावकार ठरवायला बघतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल, देत नाही. वर पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. एकाला एकदा अडचणीत केलेली मदत म्हणजे सावकारी नव्हे, पण चार जणांना व्याजाने दिलेले पैसे असतील तर दावा लावण्याआधी हे वकिलाला उघड सांगा.

हप्ते पाडताना त्याचं उत्पन्न कधी येतं ते बघा. हिंगणा एमआयडीसीत किंवा मिहानमध्ये नोकरीला असेल तर पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची तारीख, १५ तारीख नको, तोवर पगार संपलेला असतो. काटोल-नरखेडकडचा संत्र्याचा बागाईतदार असेल तर दर महिन्याचा हप्ता कागदावर शोभून दिसतो, पण येत नाही. आंबिया बहाराचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराचे उन्हाळ्याच्या तोंडाशी. कापूसवाला असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. त्या वेळी दोन मोठे हप्ते ठरवणं शहाणपणाचं. दुकानदाराचा हप्ता आठवड्याचा आणि लहान ठेवा. आणि "दोन हप्ते चुकले तर उरलेली पूर्ण रक्कम एकदम देय" हे वाक्य करारात घालायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक हप्त्यासाठी वेगळी वाट पाहावी लागते.

प्रत्येक हप्ता खात्यात घ्या. रोख घेतलाच तर वहीत दोघांच्या सह्या.

चेक घेतला असेल तर

चेक हे चांगलं हत्यार आहे, पण त्याच्या तारखा फार काटेकोर आहेत आणि एक जरी चुकली तरी केस पडते. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरायचा. परत आला की बँकेचा रिटर्न मेमो घ्यायचा आणि परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस त्याला पैसे देण्यासाठी असतात. तेवढे दिवस गेल्यानंतर एक महिन्याच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चेक न वटल्याची, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची, तक्रार. आधी केली तर अवेळी ठरते, नंतर केली तर विलंबाचं कारण पटवावं लागतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते. त्यामुळे चेक देणारा पुण्याला गेला असला तरी धरमपेठच्या शाखेत खातं असलेल्या माणसाची केस नागपुरातच चालते.

सगळ्यात जास्त घोटाळा रकमेत होतो. चेक दोन लाखांचा, मध्ये पन्नास हजार परत आले, आणि तरी चेक दोन लाखांसाठीच भरला, तर केस टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे सांगितलं आहे: आलेल्या रकमेची नोंद चेकच्या पाठीमागे करून उरलेल्याच रकमेसाठी तो वापरायला हवा होता. त्यापेक्षा जुना चेक परत देऊन बाकीच्या रकमेचा नवा घेणं सोपं. नोटिशीतही चेकची रक्कम आणि व्याज, नोटीस खर्च असं काही वेगळं मागायचं असेल तर ते वेगळ्या ओळीत लिहा, सगळं एका बेरजेत मिसळू नका.

"अपुरी शिल्लक" सोबतच "पेमेंट थांबवलं", "खातं बंद" या शेऱ्यांनीही १३८ लागू होतं. सही त्याचीच असेल तर देणं होतं असं कायदा गृहीत धरतो, नव्हतं हे त्याने दाखवायचं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. केस चालू असताना कोर्ट चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. त्यासाठी वकिलाला अर्ज करायला सांगायचं असतं, पुष्कळदा तो केलाच जात नाही.

नोटीस, पोलीस आणि काय करू नये

कागद आहे, चेक नाही, आणि गोडीचा रस्ता संपला, मग वकिलामार्फत नोटीस. मजकूर कोरडा ठेवा: तारीख, रक्कम, कशी दिली, किती परत आली, बाकी किती, १५ दिवसांत न दिल्यास दिवाणी दावा. व्याज लिहून ठरलं नसेल तर व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे लेखी मागणीत व्याजाचा उल्लेख केल्याच्या तारखेपासून ते मागता येतं, म्हणून नोटिशीत "या तारखेपासून व्याज आकारले जाईल" हे वाक्य हवंच. रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं उरलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. स्पीड पोस्टने पाठवून पावती आणि ऑनलाइन डिलिव्हरीचा रिपोर्ट त्याच आठवड्यात छापून ठेवा, नंतर तो साइटवर मिळत नाही. माणूस घर बदलत असेल तर माहीत असलेल्या सगळ्या पत्त्यांवर पाठवा. बरोबर पत्त्यावर गेलेलं पाकीट "घेण्यास नकार" किंवा "मागणी केली नाही" असा शेरा घेऊन परत आलं तरी ते पोहोचलं असं धरतात. ते पाकीट फोडू नका, तसंच बंद फाइलला लावा.

पोलीस ठाण्यात जावं का? पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता, खोटी नोकरी, खोटे कागद, खोटं नाव दाखवून पैसे उकळले, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं आणि तक्रार द्यायलाच हवी. पण अडचणीत खरोखर घेतले आणि आता फेडत नाही, एवढंच असेल तर तो दिवाणी वाद आहे. ठाण्यात अर्ज दिला तर फार तर बोलावून समज देतील. तोच अर्ज पुढे "पोलिसांचा धाक दाखवला" म्हणून तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर नाव टाकणं, ऑफिसात जाऊन तमाशा करणं, वसुलीसाठी दोन दांडगी पोरं पाठवणं, गाडी उचलून आणणं: यातल्या प्रत्येकाने बदनामीचा, धमकीचा किंवा खंडणीचा गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो, आणि मग तडजोडीत तो सोडवायला तुम्हालाच पैसे सोडावे लागतात.

रक्कम वीस-पंचवीस हजार असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: पूर्ण दावा लावू नका, वकिलाची फी आणि हेलपाटेच तेवढे होतील. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या न्याय मंदिरात (जिल्हा न्यायालयात), दावापूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी अर्ज करा. समोरच्याला बोलावलं जातं, तडजोड झाली तर तिचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच अंमलात आणता येतो आणि त्यावर अपील नसतं. तो आलाच नाही किंवा "देत नाही" म्हणाला तर लोकअदालत त्याच्यावर काही लादू शकत नाही. चालू दावा लोकअदालतीत मिटला तर कोर्ट फी परत मिळते. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

दावा, आणि दाव्यानंतरचं खरं काम

लेखी करार, वचनचिठ्ठी किंवा चेक असेल तर वकिलाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दाव्याबद्दल विचारा. त्यात समन्स मिळाल्यावर प्रतिवादीला १० दिवसांत हजर व्हावं लागतं, आणि पुढे बचाव करायचा तर कोर्टाची परवानगी मागावी लागते. परवानगी देताना कोर्ट रक्कम जमा करायला सांगू शकतं. तोंडी व्यवहाराला हा रस्ता नाही, तिथे साधा वसुली दावा. पैसे नागपुरात दिले असतील तर कर्जदार दुसऱ्या शहरात राहायला गेला तरी दावा नागपुरात लावता येतो.

दावा लावण्याआधी एक संध्याकाळ त्याच्या मालमत्तेसाठी द्या, हे काम कोणी करत नाही. ई-कोर्ट्सच्या साइटवर त्याचं नाव टाकून बघा, त्याच्यावर आधीच पाच चेकच्या केसेस चालू असतील तर तुमच्या आधी पाच जण रांगेत आहेत. गावाकडे शेती असेल तर सातबारा, शहरात घर असेल तर आखीव पत्रिका (नगर भूमापनाचा मालमत्तेचा उतारा) किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा). नागपूर सुधार प्रन्यासच्या ले-आउटमधला प्लॉट असेल तर आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, कोणाच्या नावावर आहे ते बघा. तो ज्या खात्यातून तुम्हाला पैसे पाठवायचा त्या बँकेचं नाव टिपून ठेवा. दावा चालू असताना तो मालमत्ता विकून टाकण्याच्या तयारीत आहे असं दिसलं, समजा प्लॉटवर "विकणे आहे" असा बोर्ड लागला, तर फोटो काढा आणि निकालापूर्वी जप्तीसाठी आदेश ३८ नियम ५ खाली अर्ज करा. नुसती शंका पुरत नाही, ठोस काही दाखवावं लागतं.

हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. त्यासाठी वेगळी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते, तिला १२ वर्षांची मुदत आहे. दरखास्तीत कोर्टाला सांगायचं की त्याने आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं. बँक खातं गोठवता येतं, घर, प्लॉट किंवा गाडी जप्त करता येते. पगारातून वसुलीचा हिशोब असा: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांश रकमेला हात लावता येत नाही. म्हणजे जप्तीस पात्र पगार ३१,००० असेल तर ३०,००० चा तिसरा भाग, महिन्याला १०,०००. आणि एकाच हुकूमनाम्यासाठी ही कपात एकूण २४ महिनेच चालते. यात जास्तीत जास्त २,४०,००० येतात. रक्कम त्याहून मोठी असेल तर पगाराच्या जोडीला दुसरी मालमत्ता आधीच शोधलेली हवी. पीएफ, सरकारी पेन्शन, शेतकऱ्याचं राहतं घर आणि शेतीची अवजारं जप्त होत नाहीत. कर्जदार वारला तर वारसांकडून वसुली होते, पण त्यांना वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच.

दरखास्त चालू असताना त्याने बाहेरच्या बाहेर तुम्हाला पैसे दिले तर ते कोर्टात नोंदवा. पूर्ण रक्कम आली की वचनचिठ्ठीवर आणि कबुलीच्या कागदावर "पूर्ण रक्कम मिळाली, बाकी काही नाही" असं तारखेसह लिहून सही करा, त्याचे कोरे चेक असतील तर ते परत द्या, आणि त्या सगळ्याची झेरॉक्स त्याच्या पोचेच्या सहीसह स्वतःकडे ठेवा.